सहाच्या बातम्यांतली लेक

ठाणे,
४ ऑगस्ट २०२५

ती. नागसेनमामा यांस,
धम्मशीलाचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र का, ते आधी सांगते. मोबाइलवर तुम्ही तासभर टाइप करता आणि शेवटी ‘बरं’ एवढंच येतं. कागदावर तुम्हाला मोकळं बोलता येतं.

मामा, एक तारखेपासून सकाळी सहाच्या बातम्या मी देत नाही. अकरा वर्षं दिल्या. संपादकांनी बोलावून, चहा पाजून सांगितलं की प्रेक्षकांना सकाळी ताजा चेहरा लागतो. माझा एकेचाळीस वर्षांचा आहे. माझ्या जागी भक्ती नावाची चोवीस वर्षांची मुलगी बसते. ती गुणी आहे, त्यामुळे तिच्यावर रागावताही येत नाही. मी आता दुपारी काचेच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या बातम्यांना आवाज देते. तोंड दिसत नाही.

आईला यातलं काही कळू देऊ नका. आळीतल्या बायका माझ्या बातम्या पाहायला तिच्याकडे जमतात, त्यांच्यापुढे तिची मान खाली जाईल. दुसरं चांगलं काम मिळेपर्यंत मी बोरीला येणार नाही. टीव्ही बिघडला म्हणा, केबल तुटली म्हणा. इतकी वर्षं संस्कृत शिकवलंत, एक खोटं सुचणार नाही का?

माझी बातमी बदलली तरी तुमची माया बदलू नये.

आपली भाची,
धम्मशीला

•

बोरी,
९ ऑगस्ट

चि. धम्मशीला हिस नागसेनमामाचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. खोटं सुचलंही होतं, पण ते वापरायची वेळ आली नाही.

टीव्हीची वायर काढावी या सद्हेतूनं मी पहाटेच अक्काकडे गेलो, तर सरजाबाई, तानुबाई आणि आणखी तिघी माझ्याआधीच बशा घेऊन बसलेल्या. सहा वाजले, पडद्यावर तुझी ती भक्ती आली आणि नमस्कार म्हणाली. अक्कानं रोजच्यासारखं, ये माय, म्हणून तिला घरात घेतलं. मग म्हणाली, पोरगी आज जराशी बारीक दिसायलीय. तानुबाई म्हणाल्या की तिकडलं पाणी मानवत न्हाई. सरजाबाईंनी, साडीचा रंग धम्मशीलाला लय खुलायलाय, असा निर्वाळा दिला.

तुझ्याहून सतरा वर्षांनी लहान, वीतभर उंच आणि गालाला खळी पडणारी मुलगी सहा बायकांनी एकमतानं धम्मशीला ठरवली. प्रत्यक्ष हे सर्वांत बळकट प्रमाण, असं मी आजवर समजत होतो.

अक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला असणार. सहाही जणींच्या उतरला असेल तर गावचं पाणी तपासावं लागेल. पुढच्या आठवड्यात अक्काला सेलूला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतो.

गावाकडची खबर म्हणजे, वर्षावास चालू असल्यानं आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वाचणाऱ्या लिंबाजी गुरुजींनी नवी कवळी बसवली आहे, तिच्यातून प्रत्येक ‘स’ला शिट्टी वाजते. परवा त्यांनी ‘सम्यक संकल्प’ म्हटलं, तर बाहेरचं कुत्रं आत आलं.

कळावे. खोटं शिल्लक आहे, लागेल तेव्हा सांग.

तुझा,
नागसेनमामा

•

ठाणे,
१४ ऑगस्ट

ती. मामांस सविनय जयभीम. वि. वि.

आईच्या डोळ्यांचं वाचून जेवण गेलं नाही. मी अकरा वर्षं रोज तिच्या घरात जात होते आणि तिला दिसत नाही हे मला ठाऊक नव्हतं.

पण मामा, ऑपरेशन झालं की तिला भक्ती स्वच्छ दिसेल. ऑपरेशन करू नका असं लिहिणं शक्य नाही, आणि करा असं लिहिताना हात अडतो. अशी लेक बोरीत दुसरी सापडणार नाही. डॉक्टर म्हणतील तसं करा. कळलं तर कळलं. मात्र मी इतक्यात तोंड दाखवायला येणार नाही, एवढं तिला समजावून सांगा.

रागवावं, पण परकं करू नये.

धम्मशीला

•

बोरी,
२० ऑगस्ट

चि. धम्मशीला हिस जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

काल सेलूला जाऊन आलो. अक्काचे डोळे उत्तम आहेत. सोबत आलोच आहे तर तपासा म्हटलं, तर मोतीबिंदू माझ्याच डाव्या डोळ्यात निघाला.

परतताना बसस्थानकावर अक्कानंच विषय काढला. पोटच्या पोरीला वळखत न्हाई का म्या, म्हणाली. पहिल्याच दिवशी तिनं ओळखलं होतं. पण बायका बसलेल्या. ही माझी लेक न्हाई म्हटलं असतं तर दुपारपर्यंत जिंतूरला कळलं असतं. म्हणून तिनं परक्या पोरीला ये माय म्हटलं. संध्याकाळी मी सरजाबाईंना आडून विचारलं. त्यांनीही ओळखलं होतं. पण अक्काला दिसत न्हाई, बिचारीचं मन कामून मोडायचं, म्हणून त्यांनी साडी वाखाणली. तानुबाईंनी सरजाबाईंचं मन राखलं. असं एकमेकींचं मन राखत पंधरवडाभर रोज सकाळी त्या पोरीचं कौतुक चाललंय.

धम्मशीलानं लपवायला सांगितलं का, असं अक्कानं मला विचारलं. मी हो म्हणालो. सगळी प्रमाणं संपली होती. मग तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत कळवतो. लोकाच्या पोरीला रोज माझी लेक म्हणताना मला लाज वाटली न्हाई, तर माझ्या लेकीला माझ्या घरी यायला कशाची लाज वाटायली?

एवढ्यावर थांबली असती तर ती अक्का कसली! रविवारपासूनच्या वाचनाला तिनं विहारात तुझं नाव देऊन टाकलंय. ऐकून लिंबाजी गुरुजींनी समाधानानं कवळी काढून खिशात ठेवली. आता तू आली नाहीस तर ती परत बसेल, आणि त्याचं पाप तुझ्या माथी.

पत्राचं उत्तर पत्रानं देऊ नये, ही विनंती.

तुझा,
नागसेनमामा

•

बोरी,
२५ ऑगस्ट

ती. मामांस सविनय जयभीम. वि. वि.

मी आले आणि तुम्ही त्याच दिवशी शिक्षकांच्या प्रशिक्षणाला परभणीला पळालात, म्हणून हे पत्र. डोळ्याचं तिथं कुणाला तरी दाखवून घ्या.

आई दारातच हातपाय धू म्हणाली आणि ताट वाढलं. सरजामावशींनी मात्र पाऊण तास माझ्याकडे बघून, टीव्हीत लय बारीक दिसायलीस गं, असं ठेवून दिलं. आई शेंगा फोडत होती. तिनं मान वर केली नाही.

काल पहिलं वाचन झालं. विहार भरला होता. तानुमावशी आजवर विहारात कधी आल्या नव्हत्या, त्याही नातू घेऊन पुढेच बसल्या. मी माइकपुढे बसले आणि सवयीनं सुरू केलं. पान संपवून उलटणार, तोच सरजामावशी म्हणाल्या, हळू बाई, इवढी घाई कशाची, मधी जाहिराती यायच्यात का? सगळे हसले. आईचं हसू सगळ्यांत मोठं होतं. अकरा वर्षांत मला कुणी हळू म्हटलं नव्हतं.

मग पहिल्या ओळीपासून हळू वाचलं. तानुमावशींनी नातू रडत होता म्हणून तेच पुन्हा वाचायला लावलं. ऐकून झाल्यावर, हे पटत न्हाई, म्हणाल्या. का पटत नाही यावर लिंबाजी गुरुजी उठले, त्यांच्यावर आई उठली, आणि तास संपला. एकूण तीन ओळी झाल्या.

रजा दहा दिवसांची काढली होती. आज संपादकांना फोन करून आश्विन पौर्णिमेपर्यंत वाढवून मागितली. कारण विचारलं, तेव्हा वाचनाचं काम मिळालंय म्हणून सांगितलं. कुठल्या वाहिनीवर, असं त्यांनी जरा काळजीनं विचारलं. मी अजून सांगितलेलं नाही.

शनिवारी तुम्ही याल तेव्हा चौथी ओळ चालू असेल. आहे तो लोभ घेऊन यावे, आणि पुढे बसावे.

आपली,
धम्मशीला