शेवग्याचा चोथा

आई,

मनवाला घेऊन तुम्ही निजलात, म्हणून उठवलं नाही. सिंकखालचं कचरा दळायचं मशीन चालू झालंय. शेवग्याच्या शेंगांचा चोथा त्यात मीच टाकला होता, त्याचे दोरे आत अडकले. मशीन तुम्हीच बिघडवलं म्हणून ऋतुराज तुम्हाला बोलले तेव्हा मी गप्प राहिले, ते चुकलं माझं. सकाळी त्यांना खरं सांगितलंय.

प्लग काढून चिमट्यानं दोरे ओढले. मग बर्फ, खडेमीठ अन् लिंबाची साल टाकून फिरवलं, वासही गेला. तुम्ही बिनधास्त वापरा. आधी नळ सोडा, मग बटण. हात तेवढा आत घालू नका.

सिल्लोडला जायला भरलेली तुमची पिशवी मी रिकामी केलीय, साड्या कपाटात आहेत. ऑफिसातून येताना शेंगा आणते. आमटी तुमच्याच हातची पाहिजे. चोथा कुंडीत टाकू.

मोनिका