फुकटची ऊब

प्रिय यूशान,

पत्र बघून दचकू नकोस, तुझी आई माझ्याकडे आहे. माझ्या घरात, माझ्या पलंगावर, भिंतीकडे तोंड करून झोपलीय. फोनवर तुला चकार शब्द सांगायचा नाही अशी शपथ तिने मला घातलीय. लिहायचं नाही असं मात्र ती म्हणाली नव्हती. आणि या तोंगकाकूला तू जन्मापासून ओळखतोस, गप्प बसणं मला कधी जमलंय?

यंदा हीटिंग सुरू झाली तरी माझं घर काही तापेना. पाइपांत पाणी भरायच्या दिवशी जिन्यात चिठ्ठी लागते आणि प्रत्येक घरात कुणालातरी थांबावं लागतं, ते तुला आठवत असेलच. माझा मजला सगळ्यात वरचा. साऱ्या पाइपांतली हवा माझ्याकडे चढून बसते आणि मी ती सोडल्याशिवाय खालच्या कुणाला ऊब मिळत नाही. तू शाळेत होतास तेव्हा जिन्यातून बोंबलायचास, "काकू, हवा सोडा की, आईचे हात गारठले!" यंदाही रेडिएटर बर्फासारखे लागले, म्हणून मी खाली भांडं लावून कळ फिरवली. आधी नुसती फुसफुस, मग काळं पाणी, मग छान गरम. रेडिएटर वरपासून खालपर्यंत तापले. पण खोली गार ती गारच. फरशीतून तर अशी थंडी वर यायची की दोन दोन मोजे घालून पाय बधिर. मी पुन्हा हवा सोडली, गाळणी काढून धुतली, रेडिएटरपुढचं कपाट एकटीने ढकललं आणि कंबर धरून बसले. शेवटी हीटिंग कंपनीचा माणूस बोलावला. त्याने सगळं चाचपून पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे काही बिघाड नाही. खाली कुणी राहतं का?" मी म्हटलं, "राहतं म्हणजे काय, माझी मैत्रीण राहते!" तो म्हणाला, "मग ती बर्फात राहते. तिच्या हीटिंगचा कॉक बंद आहे."

मला खरंच वाटेना, थंडीत नेहमी तीच वर माझ्याकडे यायची. तशीच खाली गेले. दार उघडलं तर शियुन, तुझी आई, तुझ्या बाबांचा कापसाचा जुना कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून उभी. खिडकीच्या आतल्या बाजूने बर्फ. आंबवलेल्या कोबीच्या मडक्यावर बर्फाची साय. आणि बाईसाहेब हसतायत! म्हणाली, "अगं, ही माझी युक्ती. आपली हीटिंग बंद ठेवायची आणि वरच्या-खालच्यांच्या भिंतींवर निभवायचं. फुकटची ऊब!" आपल्या इमारतीत पूर्वी एखाददुसरा चिक्कू असं करायचा, नाही असं नाही. पण तेव्हा घरं भरलेली होती. लाकूड कारखाना बंद पडल्यापासून एकेक जण कुलूप लावून गेला. खालचे चारही मजले बंद, यंदा तिच्या शेजारचं घरही बंद झालं. ऊब द्यायला उरले कोण, तर मी एकटी. मी तिला नाही नाही ते बोलले. ती खोकत होती आणि खोकताना कोटाच्या बाहीत तोंड लपवत होती. तिची रजई खांद्यावर टाकली आणि तिला हाताला धरून वर घेऊन आले.

तिच्या कॉकला कंपनीचं कुलूप, म्हणून तो उघडून घ्यायला मी कंपनीच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईने कागद बघितले आणि म्हणाली, घर ज्याच्या नावावर आहे त्यानेच गेल्या वर्षी हीटिंग बंद केलीय, आता त्यानेच येऊन उघडायची. वर सही तुझी होती. यूशान, तिथून घरी येईपर्यंत मी वाटभर तुला शिव्या देत आले, खोटं कशाला सांगू? घरी येऊन तिला विचारलं तर तुझी बाजू घेऊन मलाच रागावली. "त्याला वाटलं, घर गार पडलं की म्हातारी निमूट त्याच्याकडे ग्वांगझोऊला निघून येईल. लेकराच्या मनात वाईट काही नव्हतं." तुझ्या मनात वाईट नव्हतं हे मलाही पटतं. पण ती काही निघून आली नाही. डोंगरापलीकडे तुझे बाबा आहेत, वसंतात त्यांची समाधी झाडायला कोण जाईल, एवढंच तिचं म्हणणं. तुला तिने सांगितलं की हीटिंग परत सुरू करून घेतली आणि आम्हाला सांगितलं की ही आपलीच युक्ती. तुझ्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून वेडीने दोन हिवाळे असे काढले. व्हिडिओवर आई तुला पातळ सदऱ्यात दिसायची ना? "इतकं उकडतंय की खिडकी उघडून बसलेय" म्हणायची ना? तुझा फोन यायच्या वेळेला ती कोट काढून ठेवायची. फोन ठेवला की परत घालायची आणि मग कितीतरी वेळ दात वाजवत बसायची. हे तिने मला सांगितलं तेही हसत हसत. मला नाही हसू आलं.

आता जे लिहायचंय ते लिहायला हात पुढे सरकत नाहीये. खोकला थांबेना म्हणून मी तिला दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला. डॉक्टरने मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की छातीत गाठ आहे, जुनी आहे, थंडीने झालेली नाही. ते ऐकून तुझ्यावरचा माझा राग तिथेच गळून पडला, म्हणून तुलाही हे मुद्दाम लिहितेय. ही गाठ तू दिलेली नाहीस, उगाच मनाला लावून घेऊ नकोस. पण बर्फ वितळलेला ती बघेल असं डॉक्टरला वाटत नाही. तिला सगळं कळलंय. पुन्हा दवाखान्यात जायला ती साफ नाही म्हणते. मी सारखी तिच्या उशाशी, म्हणून फोनवर तुला जे सांगते ते आम्ही दोघी मिळून ठरवलेलं खोटं असतं, "बरी आहे, जरा सर्दी आहे."

तिचं एकच मागणं आहे. तिला आपल्या घरात, आपल्या पलंगावर जायचंय, जिथे तू झालास. माझ्याकडे काय कमी आहे असं मी विचारलं तर माझा हात धरून म्हणाली, "तुझ्याकडे सगळं आहे गं, पण माझं घर नाही." आणि तिच्या घरात आज पाण्याचा पेला ठेवला तर सकाळपर्यंत गोठतो. तिथे तिला कशी नेऊ? कचेरीत मी दोनदा जाऊन हातापाया पडून आले, ते म्हणतात तूच हवास. म्हणून हे पत्र. तिला ग्वांगझोऊला न्यायला येऊ नकोस, तो प्रवास तिला झेपणार नाही. राहायला ये. आधी कचेरीत जा, सही कर, कॉक उघडून घे. हवा सोडायला मी वर आहेच. पण ये लवकर, बाळा. रोज सकाळी डोळे उघडले की ती मला विचारते, "खालची खोली तापली का गं?" आणि मी सांगते, "तापतेय, जुने पाइप आहेत, जरा वेळ लागतो."

तुझीच,
वरच्या मजल्यावरची तोंगकाकू