बेहालाच्या खोलीतली भिंत

बालीगंज, १५ जानेवारी १९५३

तिळगूळ द्यायला आज बेहालाला गेले होते, आमच्या जुन्या खोलीत. तिथे आता कुसुमताईंचं बिऱ्हाड आहे. छातीच्या दुखण्यानं त्यांच्या यजमानांची नोकरी सुटली, बालीगंजचं भाडं झेपेना. त्याच सुमारास यांना बढती मिळून आम्ही इकडे आलो. या बंगाली शहरात मराठी माणसाची खोली मराठी माणसालाच मिळावी, म्हणून मीच घरमालकाकडे शब्द टाकला. हळदीकुंकवाला सगळ्याजणींनी केवढं कौतुक केलं माझं!

आमच्या नंदूची खाट असायची तिथेच, तळ्याकडच्या भिंतीला लागून, त्यांची शकू निजली होती. भिंतीला तीच हिरवट ओल. शकूला खोकला आला. कोरडा, शेवटी शीळ घातल्यासारखा. हुबेहूब नंदूचा खोकला. इकडे आल्यावर त्याचा थांबला, तेव्हा मी म्हटलं होतं, देवी नवसाला पावली.

कुसुमताई विचारत होत्या, "नंदू किती सुधारला हो! कुणाचं औषध?"

काय सांगणार? औषध नव्हतंच. ती भिंत सुटली, एवढंच. मी आपला त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला.

जेवताना यांना सगळं सांगितलं. मान वर न करता म्हणाले, "ते काही तिथं फार दिवस टिकतील असं दिसत नाही. नागपूरहून आमच्या ऑफिसात नवा कारकून येतोय, तान्हं मूल आहे. घरमालकाला आत्ताच सांगून ठेव. खोली आपल्या माणसांतच राहू दे."

वरण वाढता वाढता मी "बरं" म्हणून गेले.