पावडरचा डबा

शिरपूर, गुरुवार, डिसेंबर १९७४

गॅरेजवर आलेल्या त्या गोऱ्या जोडप्याच्या गाडीचं तेल कुठून गळते, ते आज सापडलं. गाडीतच बिछाना अन् स्टोव्ह. इंजिन मागं, तेही हवेवर थंड होणारं. थेंबभर तेल निघालं तरी पंख्याची हवा ते सगळीकडं फासून टाकते, मंग गळतीचं मूळ कसं कळावं?

रॉकेलनं इंजिन धुऊन कोरडं केलं. आता वरून पांढरं काही भुरभुरायचं, इंजिन चालू करायचं, अन् पहिले कुठं काळं होते ते पाहायचं. म्हणून घरी येऊन सुमनले मूठभर पीठ मागितलं. तिनं कोनाड्यातून बाळाच्या पावडरचा डबा काढून हातात दिला.

"घ्या. पडूनच हाये."

आमचं बाळ दिवाळीच्या आधी गेलं. तवापासून त्या डब्याले कोणाचा हात लागला नव्हता. मी पीठच मागितलं होतं ना?

पावडर भुरभुरलेलं इंजिन तापलं तसा तोच वास सुटला, त्याच्या आंघोळीनंतरचा. गोरी बाई हसली, हातांनी बाळ जोजवल्यासारखं करून माझ्याकडं पाहू लागली. मी मान हलवून हो म्हटलं. काहून म्हटलं असंन? मले तवा काहीच वाटलं नाही. खालच्या नळीच्या रबरापाशी काळा ठिपका उमटला, तेवढाच पाहत राह्यलो.

संध्याकाळी डबा परत दिला. सुमननं झाकण उघडून नाकाशी धरला.

"तेलाचा वास लागला याले," म्हणाली, अन् होता तिथंच ठेवून दिला.