पेटीच्या आठ दोऱ्या

मी, गॅव्हिन शील्ड्स, वय त्रेसष्ट, राहणार ऑखेनबर्न, लॅनार्कशायर, आधी कोळशाच्या खाणीत आणि मग नऊ वर्षे संसदेत राबलेला, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. फुप्फुसे खाणीने खाल्ली, पण डोके शाबूत आहे. हे माझे विरोधकही मान्य करतील.

घर कौन्सिलचे आहे. अशी घरे गावाला मिळावीत म्हणून मी भांडलो, पण हे माझे नव्हे. तेव्हा त्यावरून कुणी भांडू नये. बँकेत असेल ते आणि भिंतीवरचे घड्याळ माझी मुलगी युफेमिया उर्फ एफी हिला. कुदळ आणि दिवा खाणकामगार संघाला. दिवा घासून लख्ख करू नये.

संसदेत घालायला म्हणून पक्षाने वर्गणी काढून दिलेली उंच रेशमी टोपी मी कधीच डोक्यावर घेतली नाही. तिच्यात आमची कोंबडी अंडी घालते. "लंडनला गेला की गॅव्हिनचा साहेब होणार," असे गावभर सांगत फिरणारे वाणी पिटकेर्न यांना ती कोंबडीसकट द्यावी.

आता पेटी थडग्यात उतरवायच्या आठ दोऱ्या. डोक्याकडची पहिली दोरी सर्वांत जवळच्या पुरुषाची, असा रिवाज आहे. मला मुलगा नाही, म्हणजे ती भाऊ वॉल्टरची. पण सव्वीस सालच्या संपात सारे गाव उपाशी बसले असताना हा पोलिसांच्या पहाऱ्यात खाणीत उतरला. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. एफी त्या वेळी शाळेच्या आवारात गावासाठी सूप रांधत होती. माझ्या निवडणुकाही तिनेच जिंकल्या. मी नुसती भाषणे केली. पहिली दोरी तिची.

पाद्रीबुवा म्हणाले, "अहो गॅव्हिन, बायका दफनाला येत नाहीत. घरी थांबून चहापाण्याचं बघतात."

"मतपेटीपाशी तरी कुठे येत होत्या?" मी म्हटले.

पायाकडची शेवटची दोरी वॉल्टरची. तो न आल्यास ती दुसऱ्या कुणाला देऊ नये. पेटी कलली तर कलू द्यावी. कोण आले नाही ते गावाला दिसेल. मधल्या सहा संघाने वाटाव्यात.

पुरवणी: दुसरा साक्षीदार हवा म्हणून एफी बाहेर गेली आणि वॉल्टरला घेऊन आली. त्याने उभ्यानेच सगळे वाचले.

"पायाकडची होय?"

"आलास तर."

"येणार नाही असं तुला कुणी सांगितलं?" मग तो एफीकडे वळला. "पोरी, डोक्याकडची जड असते. हाताला एक वेढा घे."

मला बरे वाटले, हे येथे नमूद करतो. पेटी कलण्याबाबतचे कलम रद्द समजावे.

सही: गॅव्हिन शील्ड्स
साक्षीदार: ह्यू लॉरिमर, शेजारी
साक्षीदार: वॉल्टर शील्ड्स, भाऊ
ऑखेनबर्न, १४ मार्च १९३४