तिल्दाला बोलतं करणे: मार्च ते जून

३ मार्च, मंगळवार
आजपासून रोज नोंद. मागच्या तीन मोहिमांची (गिटार, पोर्तुगीज, स्की-लिफ्टचा परवाना) नोंद ठेवली नाही, म्हणून त्या फसल्या.
तिल्दा अडीच वर्षांची झाली. बालआरोग्य केंद्रात नर्सने तिला सात चित्रं दाखवली: चेंडू, दिवा, घोडा वगैरे. तिल्दा नर्सच्या घड्याळाकडे बघत बसली. सातही चित्रं मी बरोबर ओळखली. नर्स म्हणाली, यस्पर, तुझं बोलणं उत्तम आहे, आम्ही हिचं तपासतोय. आता स्पीच थेरपिस्टकडे जायचं.
माझी रजा मे-अखेर संपते. एक जूनला पुन्हा बोटीवर कामाला, तीन आठवडे. त्याआधी तिने मला 'पप्पा' म्हटलं पाहिजे. नाहीतर मी गेल्यावर मला शोधायला तिच्याकडे शब्दच नसेल. पण एवढं लांबणार नाही. ईस्टरपर्यंत काम फत्ते.

५ मार्च
पद्धत सापडली. पोर जे ऐकतं ते बोलतं. म्हणजे अखंड बोलायचं. सकाळी सातला सुरुवात: पप्पा अंडं फोडतोय, अंडं कोंबडीचं, तिथून माल्मोच्या माझ्या आजीचं खुराडं, तिथून कोल्हा, तिथून मी एकदा ट्रकवाल्याबरोबर लिस्बनला गेलो ते. अकराला घसा बसला. तिल्दाने आपली आपण टोपी घातली आणि खाली आजोबांकडे गेली.
आजोबा म्हणजे हिलेवीचे वडील, सिक्स्टेन. (हिलेवी माझी बायकोच म्हणायची. लग्न राहून गेलंय.) दिवसाला नऊ शब्द बोलतात, त्यात तीनदा 'कॉफी'. त्यांच्यापाशी बसून पोरीचं काय होणार.
निकाल: शून्य. पण पेरणी झाली.

१० मार्च
थेरपिस्ट गुनिलाबाई. फार बोलत नाहीत. या धंद्यात हे कसं चालतं, कळत नाही. मला आणि तिल्दाला खेळताना फोनवर शूट केलं.
गृहपाठ: रोज दहा मिनिटं जमिनीवर बसायचं. एकच गोष्ट म्हणायची, मग मनात दहापर्यंत मोजत गप्प राहायचं. शिवाय ती बोलते त्या शब्दांची यादी, आईने केलेली वेगळी, बापाने केलेली वेगळी. म्याव-भूभूही शब्द धरायचे.
दहा म्हणजे काहीच नाही.

११ मार्च
चारपर्यंत पोचलो.

१४ मार्च
चित्रांची पुस्तकं आणायला लायब्ररीत निघालो. पेट्रोलपंपाच्या फळ्यावर बोटीच्या इंजिनाची जाहिरात. माझ्या स्कीच्या बदल्यात मिळालं, अर्धंच इंजिन. हिलेवी म्हणाली, पुस्तकं कुठायत. म्हटलं, इंजिन हेही बोलायला साधनच आहे, पंखा, साखळी, घुर्रर्र. ती म्हणाली, बाहेर ने आधी ते, तेल गळतंय.

१८ मार्च
याद्या जुळवल्या. माझी: चौतीस शब्द. 'ब' म्हणजे चेंडू, ब्रेड, बस, बोट आणि सूर चढा असला तर माझी आई. हिलेवीची: दोन. म्याव, आणि 'आई' बहुतेक.
हिलेवी म्हणाली, अरे, 'ब' ही ढेकर होती, मी तिथेच होते. मी म्हटलं, सगळ्या भाषा अशाच सुरू झाल्या असतील. ती बाथरूममध्ये गेली. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आल्यावर म्हणाली, मला भीती वाटते यस्पर, तुला वाटत नाही का.
नाही वाटत. नवीन यादी: एकोणतीस. तडजोड म्हणून.

२२ मार्च
नवं संकट. तिल्दाला दम लागतो. ओठांचा चंबू करून झटकन हवा आत ओढते, श्शुप. ज्यूस हवा का म्हटलं, श्शुप. मोजे घालू का, श्शुप. दिवसात अकरा वेळा. सिक्स्टेनना चार वर्षं हेच होतंय, बिचाऱ्यांचं हृदय. म्हणजे घराण्यातलं आहे.

२४ मार्च
दवाखाना. छाती साफ. डॉक्टरबाईंनी विचारलं, नेमकं कधी होतं. मी म्हटलं, काही विचारलं की. मग बाई आणि नर्स एकमेकींकडे बघायला लागल्या.
नर्स म्हणाली, तू तिकडचा, दक्षिणेतल्या स्कोनेचा ना. किती वर्षं झाली इथे उत्तरेत, लिक्सेलेत. म्हटलं चार. ती म्हणाली, अरे राजा, इकडे आम्ही सगळे 'हो' असंच म्हणतो, हवा आत ओढून. तुला काय वाटलं होतं.
मला वाटलं होतं थंडीमुळे.
सिक्स्टेन ठणठणीत आहेत. चार हिवाळे त्यांची लाकडं मी वाहिली. घरी येऊन विचारलं, सांगितलं का नाही. म्हणाले, आम्हाला वाटलं तुला आवडतं.

२५ मार्च
पण मुद्दा असा की ती बोलते. 'हो' हा शब्द आहे, आणि मी शोधला. दिवसभर विचारलं. दूध हवं का, मोटार हवी का, पप्पा चांगला का, सगळ्यात चांगला का. सकाळी नऊपर्यंत श्शुप. नंतर पलंगाखाली जाऊन बसली. तिथेही विचारलं.

२ एप्रिल
गुनिलाबाईंनी ते शूटिंग दाखवलं. तीन मिनिटं. मी सत्तेचाळीस प्रश्न विचारले, मोजून. बाई म्हणाल्या, आता आवाज बंद करून बघू, फक्त तिच्याकडे बघ.
तिल्दा पाच वेळा तोंड उघडते. माझ्याकडे बघते, ओठ हलवते. पाचही वेळा मी मध्ये घुसतो. चौथ्या वेळी माझा हातसुद्धा मध्ये आहे.
बाई म्हणाल्या, यस्पर, पाणी देऊ का. म्हटलं, फोनचा कोन चुकलाय.
घरी चालत आलो. बसने आलो असतो तर कोणाशी तरी बोलावं लागलं असतं.

१२ एप्रिल, रविवार
तलावावर अजून बर्फ. सिक्स्टेन आणि तिल्दा दर रविवारी गळ टाकायला जातात, आज मीही. रेनडिअरच्या कातड्यावर तिघं. आजोबांनी इकडच्या पद्धतीने कॉफीत चीज टाकलं. तासभर कोणी काही बोललं नाही. माझे कान दुखायला लागले.
बर्फात जिथून गळ खाली सोडला होता तिकडे तिल्दाने बोट केलं आणि म्हणाली, भोक.
स्वच्छ. सिक्स्टेन म्हणाले, हं, भोक. आणि गळ हलवत राहिले.
मी म्हटलं, हे कधीपासून. म्हणाले, नाताळपासून. म्हटलं, सांगायचं ना कोणाला. ते म्हणाले, तू बोलत होतास.
संध्याकाळी यादी: चार. म्याव, आई, हो, भोक. हिलेवीच्या यादीशी जुळली. पहिल्यांदाच.

१९ मे
शब्द चौदा: भोक, बूट, आजोबा, आई, अजून, मांजर, बाहेर, वगैरे. पप्पा नाही. गुनिलाबाई म्हणतात, येईल, मागे लागू नकोस. मी मागे लागतच नाही. भिंतीवर माझे फोटो लावलेत, इतकंच. सहा.

३१ मे
बॅग भरली. तिच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हटलं, पप्पा जातोय. आणि मोजायला लागलो. सातला तिने श्वास घेतला. आठला मी म्हटलं, बोल ना बाळा.
तिने माझा बूट आणून दिला.

९ जून, बोटीवर
व्हिडिओ कॉल. सहा मिनिटं. झकास बोललो. स्वयंपाकघर दाखवलं, आचाऱ्याची नक्कल केली, उत्तर समुद्रातल्या लाटांचं सांगितलं. तिल्दा हसली, मग भराभरा काहीतरी सांगत सुटली. मी बोलत असल्यामुळे नीट ऐकू आलं नाही.
नंतर हिलेवीचा मेसेज: तुझा माईक बंद होता, शेवटपर्यंत. तिने फोन माझ्या बाबांना दाखवला आणि म्हणाली, पप्पा मासा. तोंड उघडतं-मिटतं ना तुझं. दोन शब्द एकत्र, यस्पर. मी रडतेय.
मीही. आचाऱ्याने विचारलं, कांदा का. हो म्हटलं.
ठराव: यापुढे प्रत्येक कॉल माईक बंद ठेवून. सोपं आहे, नुसतं एक बटण.

१० जून
कॉल केला. माईक बंद. तिने गमबूट दाखवले, दोन्ही. मांजराची शेपटी दाखवली. मग फोन जवळ घेतला, नाक काचेला लावलं आणि म्हणाली, पप्पा.
मी माईक चालू केला. फक्त शाब्बास म्हणायचं होतं.
हिलेवी म्हणते, माझं बोलणं संपायच्या बरंच आधी ती फोन टेबलावर ठेवून आजोबांबरोबर बाहेर गेली होती. मी वीस मिनिटं छताशी बोलत होतो.