माझ्या नावाच्या सह्या

बाबा, गेल्या नोव्हेंबरात माझ्या दारात दोन माणसं कागद घेऊन आली. सकाळी मी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं काढत होते. एक बाई, एक पुरुष. त्यांनी ओळखपत्रं दाखवली आणि माझं पूर्ण नाव, म्हणजे तुमच्या नावासकट, वाचून खात्री करून घेतली. मी ज्या कारखान्यात बोल्ट तपासायचे, तिथून काही बोल्ट न तपासताच 'तपासले' असं लिहून पाठवले गेले होते. विमानाच्या चाकांच्या सांगाड्यात बसणारे बोल्ट. एका दुरुस्तीत त्यांतल्या दोन बोल्टांना तडे सापडले. कुणाला इजा झाली नाही, पण फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, तपास सुरू झाला होता आणि त्यात संशयित म्हणून माझं नाव होतं. बाई म्हणाल्या, "आमच्याशी बोलायलाच हवं असं नाही. आधी वकील बघा." मग कागद मिळाल्याची सही मागितली.

तुम्ही आर्वीच्या कोर्टात बेलिफ होतात, आयुष्यभर असेच कागद घेऊन लोकांच्या दारात उभे राहिलात. एका सुट्टीत मला सायकलवर पुढे बसवून नेलं होतंत. एका मास्तरांचं घर. मास्तर सही करायला तयार नाहीत, पोरांसमोर आवाज चढवतात, आणि तुम्ही अंगणात उन्हात उभे. "सही म्हणजे कबुली नाही, गुरुजी. कागद मिळाला, एवढंच." तेवढ्यात त्यांच्या बायकोनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तो तुम्ही मला परत द्यायला लावलात. परतताना मी रुसून बसले, तर म्हणालात, "ज्याच्या दारात आपण असा कागद नेतो, त्याच्या घरचं खायचं नसतं बेटा. दारात काय झालं ते मला कोर्टात जसंच्या तसं सांगावं लागतं." तेव्हा मला तुमचा रागच आला होता.

मी सही केली. ती दोघं गेल्यावर पहिल्यांदा मनात आलं, दादांना फोन करू. दादा म्हणजे आमचे प्लांट मॅनेजर, मूळ पुण्याचे. तुम्ही त्यांना फोटोतच पाहिलंत. इथे कॅनडात, मिसिसागात येऊन आठ महिने झाले तरी माझ्या डिग्रीला कुणी विचारत नव्हतं, तेव्हा त्यांनी मला तपासणी विभागात घेतलं. रिकाम्या पार्किंगमध्ये बर्फावर गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. लेक झाली तेव्हा वहिनींनी महिनाभर डबा पाठवला, डिंकाचे लाडू केले. एकदा तुम्ही फोनवर म्हणाला होतात, "तिकडे तुला भाऊ मिळाला, मला घोर नाही."

फोन हातात घेतला तेवढ्यात लेक जिन्यावरून खाली आली. "मॉम, आर वी इन ट्रबल?" मी म्हटलं, "नाही, ऑफिसचं काम आहे." ती म्हणाली, "देन व्हाय डिड दे मेक यू साइन?" मी फोन ठेवून दिला.

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत तीन गोष्टी बजावल्या. फोनमधलं काही पुसायचं नाही, कारखान्यातल्या कुणाशी बोलायचं नाही, आणि त्यांच्याशी खोटं बोलायचं नाही. आठवड्याभरात कारखान्याचं पत्र आलं. मला कामावरून थांबवलं होतं. पत्रात होतं की चाचणी आणि सर्टिफिकेटवरची सही, दोन्हींची जबाबदारी सर्वस्वी माझी होती. व्यवस्थापनाला याची कल्पना नव्हती. खाली दादांची सही. मी ते पत्र ओट्याशी उभ्यानं वाचलं. शेगडीवर दूध होतं, ते उतू गेलं. बाबा, मला त्या तपासाची भीती वाटली तशी या पत्राची वाटली नाही. मला लाज वाटली. पंधरा वर्षं ज्यांच्या घरी भाऊबीजेला ओवाळलं, त्यांनी मला वाचवलं नाही इतकंच असतं तर मी समजून घेतलं असतं. त्यांनी मला पुढे ढकललं होतं.

मग वकीलबाईंनी सर्टिफिकेटांची यादी टेबलावर पसरली. "या तारखा नीट बघा." मी बघितल्या. सगळ्या एका पंधरवड्यातल्या होत्या, तुम्ही गेलात त्या पंधरवड्यातल्या. आठ वर्षांपूर्वी मी आर्वीला तुमचा तेरावा करत होते आणि इकडे माझ्या नावानं बोल्ट पास होत होते. आमची सही कॉम्प्युटरमध्येच असते, पासवर्ड टाकला की सर्टिफिकेटवर उमटते. वकीलबाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "पासपोर्टवर शिक्के आहेत ना? मग तुमची बाजू भक्कम आहे."

मी तिथेच थांबले असते तर चाललं असतं. पण मला तो गुळाचा खडा आठवला, आणि त्यांना पुढचंही सांगितलं. परत आल्यावर पहिल्याच सोमवारी मी त्या नोंदी पाहिल्या होत्या. दादांना विचारलं होतं, "हे माझ्या नावावर कसं?" ते म्हणाले होते, "ऑर्डर अडकली होती गं. मशीनवर मी स्वतः तपासलं सगळं. तू नको डोक्याला ताप करून घेऊ, आत्ताच बाबांचं करून आलीस." मला एअरपोर्टवर सोडायला आणि घ्यायला तेच आले होते. मी गप्प बसले.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे सांगितलंत तर तुमचं नुकसान होईल." मी म्हटलं, "माहीत आहे."

जबाबाला चार तास लागले. त्यानंतर एकदा इंडियन ग्रोसरीत दादा दिसले. मेथीच्या जुड्या बघत होते. केस किती पांढरे झालेत. मला पाहिलं आणि सामानाची ढकलगाडी वळवून ते पलीकडच्या रांगेत गेले. मागून वहिनी आल्या. त्या थांबल्या. "बोलायची बंदी आहे ना तुला?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "आमच्या घरी जेवलीस तू," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. मी तिथे पिशवी धरून उभी राहिले.

उन्हाळ्यात कळलं, माझ्यावर गुन्हा दाखल होणार नाही, मी साक्षीदार असेन. दादांवर झाला. पण पाहूनही न बोलल्याबद्दल तपासणीचं काम करायची माझी परवानगी काढून घेतली. आता एअरपोर्टजवळच्या एका गोदामाच्या ऑफिसात बसते. आईला सांगितलंय, नोकरी बदलली. खटला पुढच्या वर्षी उभा राहील आणि मला त्यांच्यासमोर उभं राहून दारात काय झालं ते सांगावं लागेल.

हे पत्र मी कुणालाच दाखवणार नाही, वकीलबाईंनाही नाही. दादांना माझा पासवर्ड मीच दिला होता, हेही मी त्यांना सांगितलंय. तुमच्या दहाव्याच्या दिवशी दादांचा फोन आला होता, जुन्या नोंदी बघायला हवा म्हणाले, तेव्हा दिला. पण तो का दिला, हे वकीलबाईंनी विचारलं नाही. त्या दिवशी आर्वीच्या घरात सगळे माझ्याशी जपून, हळू आवाजात बोलत होते. मी मागच्या अंगणात जाऊन फोन घेतला. दादा नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "अगं, तुझ्यावाचून इथे सगळं अडलंय." बाबा, तुम्ही जाऊन दहाच दिवस झाले होते आणि ते ऐकून मला बरं वाटलं होतं.